वीस मिलिलिटरचे माप

दोन-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनात वंगण साठवायला जागाच नसते. चार-स्ट्रोक गाडीत इंजिनच्या तळाशी तेल असते, ते आतल्या आत फिरत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर बदलले जाते. दोन-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जाते. तिथे तेल साठवले तर तेही मिश्रणाबरोबर ओढले जाईल. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे, त्याने वाटेत बेअरिंग आणि पिस्टन भिजवायचे आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून बाहेर पडायचे, अशी ही रचना आहे. गिअरपेटीतले तेल वेगळे. त्यामुळे टाकी भरताना दर वेळी वंगणाचे माप नव्याने ठरत असे, आणि ते कारखान्यातला अभियंता ठरवत नसे. पंपावरचा माणूस, गॅरेजमधला मिस्त्री किंवा स्कूटरचा मालक ठरवत असे. डहाणू-तलासरीसारख्या भागात, जिथे कंपनीचे वर्कशॉप दूर आणि रस्त्याकडेचे गॅरेज जवळ असते, हे माप कसे घडले याचा विचार केला तर एक गोष्ट पटत जाते. गरजेपेक्षा जास्त तेल ओतण्याची सवय अडाणीपणाची नव्हती. प्रत्येक टप्प्यावर तिला सबळ कारण होते. तरीही त्या सवयीने इंजिन वाचवले नाही. ज्या इंजिनात फेरफार केले होते, त्याचे तर नुकसानच केले.

या पट्ट्याला वंगण नवे नव्हते. बैलगाडीच्या कण्याला ओंगण घातल्याशिवाय लाकूड, गवत किंवा भाताची गोणी हलत नसे. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या रेल्वेनेही वंगणासाठी आणि दिव्यांसाठी एरंडेल वापरले. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोचला, तो याच किनाऱ्याने आला. कण्याच्या वंगणाचा नियम सोपा आहे: कमी पडले तर कणा झिजतो, जास्त झाले तर ओघळून जमिनीवर पडते. जास्तीचे नुकसान पैशाचे, यंत्राचे नाही. पिढ्यानपिढ्यांचा हा अनुभव खरा होता. पण दोन-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनाच्याच वाटेने जाते, आणि तिथे जास्तीचे तेल ओघळून जात नाही, इंधनाची जागा घेते. जुन्या शहाणपणाला हे नवे यंत्र उमगायला वेळ लागणे स्वाभाविक होते.

इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास क्रँककेसमधून मिश्रण दाबून पाठवणारे साधे दोन-स्ट्रोक इंजिन बनवले. सुरुवातीच्या अशा इंजिनांना थेंबथेंब तेल सोडणारी वेगळी यंत्रणा असे. पेट्रोलमध्ये तेल कालवण्याची पद्धत पुढे रूढ झाली, कारण ती स्वस्त होती आणि बिघडण्यासारखे तिच्यात काही नव्हते. १९४६ मध्ये इटलीत आलेल्या व्हेस्पाला पाच टक्के तेल लागे, म्हणजे लिटरमागे पन्नास मिलिलिटर. १९५० च्या दशकाअखेरीस त्याच कंपनीने क्रँकच्या जाड चकतीच्या कडेलाच झडपेचे काम दिले. ही चकती फिरताना मिश्रणाची वाट उघडते आणि झाकते, आणि आत येणारा ताजा, तेलकट झोत थेट कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर आदळतो. जिथे तेलाची सर्वांत जास्त गरज, तिथे ते आधी पोचते. म्हणून माप दोन टक्क्यांवर आले. बजाज ऑटोने १९६० च्या दशकात पियाजिओच्या परवान्याखाली आकुर्डीत हीच घडण बनवायला घेतली. १९७१ मध्ये परवाना संपल्यावर आलेल्या बजाज १५० आणि १९७२ च्या चेतकमध्येही तीच घडण राहिली. लिटरला वीस मिलिलिटर हा आकडा केवळ शिफारस नव्हती. तो त्या झडपेच्या रचनेचा परिणाम होता.

पण रस्त्यावर एकटी बजाज नव्हती. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया मुंबईत लॅम्ब्रेटा बनवत असे. तिच्यात पिस्टनच मिश्रणाची वाट उघडत-झाकत असल्यामुळे तिला त्या काळात चार टक्क्यांच्या आसपास तेल लागे. राजदूत आणि जावा-येझ्दी मोटरसायकलींचे मापही स्कूटरपेक्षा जास्त. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये रस्त्यावर आली, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया त्यानंतर. एकाच पंपावर, एकाच मापाने, एकाच डब्यातल्या तेलातून या सगळ्यांना वंगण मिळत असे. अशा ठिकाणी माणूस कोणते प्रमाण धरेल? ज्याने कोणाचेही इंजिन जाम होणार नाही ते, म्हणजे सगळ्यांत वरचे. कमी तेलाचा दोष दुसऱ्याच दिवशी तोंडावर येतो. जास्त तेलाचा दोष धुरात विरून जातो आणि सहा महिन्यांनी सायलेन्सर चोक झाला तरी त्याचा संबंध कोणी त्या मापाशी जोडत नाही. जबाबदारीची वाटणीच अशी असेल तर माप वरच सरकते.

त्यात तेलाचा दर्जा. सुट्या विकल्या जाणाऱ्या तेलात काय आहे हे ग्राहकाला कळत नसे. टूटी, म्हणजे दोन-स्ट्रोकसाठीचे, म्हणून दिलेले तेल कधी साधे खनिज तेल असे, कधी एकदा वापरून गाळलेले. पेट्रोलही निर्भेळ असेलच याची खात्री नव्हती. रेशनच्या रॉकेलला ओळखण्यासाठी निळा रंग दिला जातो, तो पेट्रोल आणि रॉकेल यांच्या भावातली मोठी तफावत भेसळीला कशी खुणावत होती याचा सरकारनेच दिलेला पुरावा आहे. रॉकेलने इंजिन ठोके देऊ लागते, पिस्टन तापतो, आणि तापलेल्या पिस्टनवर तेलाचा पडदा टिकत नाही. तेल आणि पेट्रोल दोन्ही संशयास्पद असतील तर माप थोडे वाढवणारा मिस्त्री चुकीचा विचार करत नव्हता. तो अपुऱ्या माहितीवर योग्य विचार करत होता.

इंजिनात होणाऱ्या फेरफारांचे कारण गाड्यांच्या टंचाईत आहे. स्कूटर नोंदवल्यावर ती मिळेपर्यंत वर्षे जात; चेतकची प्रतीक्षायादी दहा वर्षांपर्यंत लांबल्याचे सांगितले जाते. इतकी वाट पाहून मिळालेली गाडी माणूस वीस-पंचवीस वर्षे वापरणारच. त्या काळात तिचे सिलिंडर दोन-तीनदा बोअर होते, वरच्या मापाचा पिस्टन बसतो, कॉम्प्रेशन वाढावे म्हणून हेड घासले जाते, कार्बन काढताना पोर्ट रुंद केले जातात, कार्बोरेटरमध्ये हाताला येईल तो जेट बसतो. परदेशात स्कूटरच्या फेरफारांचा इतिहास मुख्यतः वेगाच्या हौसेचा आहे. आपल्याकडे मुंबईच्या गल्फ मान्सून स्कूटर रॅलीसारख्या स्पर्धांनी ती हौस जपली, पण बहुतेक फेरफार गाडी जिवंत ठेवण्यासाठी आणि तिच्याकडून मूळ कामापेक्षा जास्त काम घेण्यासाठी झाले. जळगावच्या शेख जहांगीर यांनी स्कूटरवर पिठाची गिरणी बसवली. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने तिची दखल घेतली आणि २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातही ती दिसली. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, म्हणून गाडी उभी असतानाही ते थंड राहू शकते. मोटरसायकलच्या उघड्या इंजिनाला हे इतके सहज जमत नाही. त्या गिरणीने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: दोन टक्क्यांचे माप ज्या कामासाठी ठरले होते, त्या कामाबाहेर लोकांनी या इंजिनाला फार पूर्वीच नेले होते.

डहाणू आणि तलासरीचा भूगोल या इंजिनाची दोन टोकांनी परीक्षा घेतो. पूर्वीच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १ मे १९६० रोजी गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांतून तलासरी उभी राहिली; आज मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून अच्छाडपाशी राज्य ओलांडतो. सपाट, सरळ रस्ता. तिथे स्कूटर तासभर पूर्ण थ्रॉटलवर धावू शकते, आणि छोट्या इंजिनाला हा सर्वांत मोठा ताप. दुसरीकडे डहाणूहून जव्हारमार्गे नाशिककडे जाणारा रस्ता घाट चढतो. चढणीपेक्षा इथे उतरण जास्त घातक. उतारावर थ्रॉटल मिटून, इंजिनच्या ब्रेकवर गाडी सोडली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण कार्बोरेटरमधून पेट्रोल जवळजवळ येत नाही; आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. टाकीत आठ टक्के तेल असो की दोन टक्के, बंद थ्रॉटलमागून दोन्ही येत नाहीत. यावर उपाय आहे तो सवयीचा: क्लच दाबून गाडी सोडायची किंवा मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यायचा. घाटाच्या पायथ्याशी जाम झालेल्या इंजिनाचे निदान मात्र हमखास ‘तेल कमी पडले’ असे होई, आणि पुढच्या टाकीत माप वाढे.

जास्त तेल इंजिनला जास्त सुरक्षित का करत नाही, याचे उत्तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये आहे. जेट म्हणजे एक ठरावीक भोक. त्यातून ठरावीक आकारमानाचा द्रव जातो; तो पेट्रोल आहे की तेल हे भोकाला कळत नाही. लिटरभर पेट्रोलात वीस मिलिलिटर तेल घातले तर मिश्रणात पेट्रोल सुमारे ९८ टक्के असते. ऐंशी मिलिलिटर घातले तर ते साडेब्याण्णव टक्क्यांवर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल सुमारे साडेपाच टक्के कमी मिळते, आणि घट्ट मिश्रण भोकातून सावकाश जात असल्यामुळे तूट आणखी वाढते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की एका मर्यादेपर्यंत ज्वलन जास्त तापते, आणि दोन-स्ट्रोकचा पिस्टन थंड राहण्यात आत येणाऱ्या ओल्या पेट्रोलाचा वाटा मोठा असतो. म्हणजे पिस्टन जाम होऊ नये म्हणून ओतलेले तेल त्याला तापवायला मदत करते. मूळ चेतकमध्ये ही तूट बहुधा निभावून जाते, कारण कारखान्याने जेट थोडा सैल ठेवलेला असतो. ज्या इंजिनाचे हेड घासले आहे, पोर्ट रुंद केले आहेत, त्याच्याकडे ही सवलत उरलेली नसते. फेरफार केलेल्या इंजिनाला सर्वांत आधी जेट तपासण्याची गरज असते, आणि आपल्याकडे जेटऐवजी तेल वाढले.

साधा रिबोअर म्हणजे मोठा फेरफार, असाही एक समज आहे. चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७, इंजिन १४५.४५ सीसी. अर्ध्या मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवला तर ते १४८ सीसी होते, वाढ दोन टक्क्यांहून कमी. नव्या पिस्टनला बसण्यासाठी पहिले काहीशे किलोमीटर थोडे जास्त तेल देणे समजण्यासारखे आहे. ते माप गाडी निकालात निघेपर्यंत चालवण्याला आधार नाही. शिवाय पेट्रोलात मिसळलेले तेल आपोआप प्रमाणात वाढते: इंजिन जास्त ताकद लावते तेव्हा जास्त पेट्रोल पिते, आणि त्याबरोबर जास्त तेलही.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणतील की कमी तेलाने जाम झालेली इंजिने त्यांनी प्रत्यक्ष उघडली आहेत. ते खरेच असेल. पण पिस्टनवरचे ओरखडे वरवर पाहता अनेक कारणांनी साधारण एकसारखे दिसतात. क्रँकचे ऑइल सील गेले आणि बाहेरची हवा आत शिरू लागली तरी तसेच, टायमिंग पुढे गेले तरी तसेच, रॉकेलमिश्रित पेट्रोलानेही तसेच. या सगळ्यांत मालकाच्या हाती दर आठवड्याला असणारी एकच गोष्ट म्हणजे तेल, म्हणून दोषही त्याच्याच माथी येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शर्यतीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांवर झालेल्या चाचण्यांत जास्त तेलाने ताकद वाढल्याचे दिसले आहे, कारण तेल रिंगांची फट नीट बुजवते आणि उष्णता सिलिंडरच्या भिंतीकडे पोचवते. हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या चाचण्यांत तेल वाढवले की जेटही वाढवला जातो, आणि इंजिन प्रत्येक शर्यतीनंतर उघडून कार्बन काढला जातो. चिकूच्या पेट्या वाहणाऱ्या स्कूटरला ती चैन नाही. मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारणाऱ्या इंजिनाचा नियम पाच हजारांवर चालणाऱ्याला लावणे हा अनुभवाचा चुकीचा वापर आहे.

जास्त तेलाची किंमत फक्त मालकाने मोजली असती तर प्रश्न खाजगी राहिला असता. न जळलेल्या तेलाचे बारीक थेंब म्हणजेच तो निळसर-पांढरा धूर, आणि तो मागच्या माणसाच्या छातीत जातो. डहाणू तालुक्यासाठी ही गोष्ट विशेष बोलकी आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमले गेले. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूवर यंत्रणा बसवण्यासाठी बागायतदारांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली, आणि ती झुंज योग्य होती. चिमणीला पत्ता असतो, मालक असतो, म्हणून तिला नियमाने बांधता येते. हजारो टाक्यांमध्ये हाताने ओतलेल्या तेलाला पत्ता नसतो. त्या धुरावर नियम आला तो दिल्लीच्या हवेमुळे: १९९८ च्या अखेरीस तिथल्या पंपांवर सुटे टूटी तेल विकणे थांबले, मोजून मिसळणारी यंत्रे आली, आणि १ एप्रिल १९९९ पासून देशात कमी धुराचे टूटी तेल सक्तीचे झाले. या तेलात पॉलिआयसोब्युटिलिनसारखे घटक असतात, ते खनिज तेलापेक्षा स्वच्छ जळतात. डब्यावर जपानी मानकाची एफसी ही अक्षरे असतात ती याच वर्गाची. याचे श्रेय कायद्याला दिलेच पाहिजे. एका नियमाने जे साधले, ते गॅरेजमधल्या उपदेशाने तीस वर्षांत साधले नव्हते.

कोणी म्हणेल, दोन-स्ट्रोकचा खरा दोष तेलाचा नाहीच; जळण्याआधीच ताज्या मिश्रणाचा मोठा वाटा एक्झॉस्टमधून निसटतो, तो या इंजिनाच्या जन्माचाच दोष आहे. बरोबर आहे, आणि याच कारणाने २००० नंतरच्या कडक मानकांत दोन-स्ट्रोक टिकली नाही. चेतकला २००२ मध्ये चार-स्ट्रोक इंजिन मिळाले आणि काही वर्षांत ती बंदच झाली. पण निसटणारे पेट्रोल डोळ्यांना दिसत नाही. लोकांनी दोन-स्ट्रोकला ज्या धुरामुळे नावे ठेवली तो तेलाचा होता, आणि तो टाळता येण्यासारखा होता. याचा पुरावा आपल्याच राज्यातल्या कंपनीने दिला. कायनेटिक होंडा १९८० च्या दशकाच्या मध्यात आली तेव्हा तिच्यात तेलाची वेगळी टाकी आणि थ्रॉटलच्या प्रमाणात तेल सोडणारा पंप होता. इंजिन दोन-स्ट्रोकच, ९८ सीसीचे. पण मिस्त्री, पंपवाला आणि मालक तिघांच्याही हातातून माप काढून घेतले होते. रिकामे चालताना तेल कमी, जोर लावताना जास्त. हे तंत्र यामाहाने १९६० च्या दशकातच बाजारात आणले होते. ग्राहक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे रांगेत उभा असताना ते चेतकमध्ये घालण्याची निकड उत्पादकाला वाटली नाही, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत खेदजनक पान वाटते. मिस्त्र्यांना दोष देणाऱ्यांनी ते आधी वाचावे.

स्कूटर गेली तरी हे माप डहाणू-तलासरीतून गेलेले नाही. बागांमध्ये गवत कापणारी यंत्रे आणि पाठीवरचे फवारणी पंप यांतली बरीच आजही दोन-स्ट्रोक आहेत आणि त्यांच्या छोट्या टाक्यांत तेल हातानेच मिसळले जाते. फरक इतकाच की इथे सायलेन्सर मागच्या गाडीकडे नाही, यंत्र धरणाऱ्या मजुराच्या हाताभरावर असतो, आणि त्या मजुरांत इथल्या वारली घरांतली माणसे मोठ्या संख्येने आहेत. चांगले एफसी किंवा एफडी वर्गाचे तेल बहुतेक यंत्रांत लिटरला वीस मिलिलिटर पुरते. कंपनीने पुस्तिकेत चाळीस सांगितले असेल तर चाळीस, पण अंदाजाने कधीच नाही. बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे टूटी तेल हवेने थंड होणाऱ्या यंत्रात घालू नये. आणि आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आहे. ते हवेतले पाणी ओढते आणि पुरेसे पाणी मुरले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. त्या थरात तेल विरघळत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या यंत्राला पहिल्याच फेऱ्यात कोरडा घोट मिळू शकतो. अशा यंत्राची टाकी आणि कार्बोरेटर पावसाआधी रिकामे करावेत, मिश्रण आठवड्याला लागेल तेवढेच बनवावे, आणि मोजण्यासाठी बागेच्या शेडमध्ये खुणा असलेला पारदर्शक पेला ठेवावा, तो यंत्र चालवणाऱ्याच्याच हाताशी.